ज्येष्ठांचा आणि दिव्यांगांचा घरात छळ : ठाणे-नवी मुंबईत नेमकं कुठलं दार ठोठवायचं?

कोर्टनाका (शनिवार, रात्री ९.१०)

सोसायट्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर या विषयावर जे फिरतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. 'आईबापांना त्रास दिला की मुलाचा वारसाहक्क आपोआप जातो', 'प्रांतसाहेब एका अर्जावर सुनेला बाहेर काढतात' वगैरे. म्हणून हा धागा. कलमांची जंत्री देत बसत नाही. आधी हवंय काय ते ठरवा, दार त्यावरून ठरतं. चुकीच्या दारात चार-सहा महिने सहज जातात आणि तोवर तो माणूस त्याच घरात, त्याच लोकांच्या हातचं खात असतो.

मारहाण आत्ता चालू असेल तर ११२, बाकी सगळं नंतर. खर्चाला पैसे मिळत नाहीत किंवा लिहून दिलेलं घर परत हवंय, तर प्रांत कार्यालय, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण. त्रास सोसणारी बाई आहे आणि तिला त्याच घरात राहायचंय, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि न्यायदंडाधिकारी. व्यक्ती दिव्यांग आहे, वय काहीही असो, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणि कार्यकारी दंडाधिकारी. सही कशावर होतेय हेच ज्याला उमगत नाही त्याच्यासाठी पालक नेमून घ्यावा लागतो. एकाच घराला यातली दोन-तीन दारं एकदम लागू पडू शकतात.

प्रांतांचं दार आधी. कायद्याचं पूर्ण नाव आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात लागू १ मार्च २००९ पासून, राज्याचे नियम २०१० चे. ज्येष्ठ म्हणजे वय ६० पूर्ण. पण आई-वडिलांना ही अट नाही, ५४ वर्षांची आईसुद्धा अर्ज करू शकते. सावत्र आणि दत्तक आईवडीलही त्यात आले. 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, सगळे सज्ञान. सून आणि जावई यांचा त्या व्याख्येत उल्लेख नाही, त्यामुळे सुनेकडून खर्च मागता येत नाही. मूलबाळ नसलेल्यांनी अर्ज करायचा तो 'नातेवाइकां'विरुद्ध: जो वारस आहे आणि ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे ज्याला ती मिळणार आहे, असा सज्ञान माणूस. असे वारस दोन-चार असतील तर ज्याला जेवढा वाटा मिळणार त्या प्रमाणात खर्च.

चरितार्थात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असं सगळं धरलेलं आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अपवादात्मक कारणासाठी एकदाच ३० दिवस वाढवून मिळतात. अर्ज चालू असताना अंतरिम रक्कम मागता येते (कलम ५(२)), आणि ती मागितलीच पाहिजे. प्रत्यक्षात ९० चे किती होतात ते इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे.

---

ऐरोली_सेक्टर_आठ (रात्री ९.३२)

धाग्याबद्दल आभार. प्रश्न : अर्जात नक्की काय मागायचं? छापील नमुन्यात मागणीसाठी चार ओळी असतात आणि लोक 'मला न्याय मिळावा' लिहून मोकळे होतात.

---

कोर्टनाका (रात्री ९.५५)

बरोबर नस पकडलीत. 'न्याय मिळावा' या मागणीवर हुकूम होत नाही. वेगळा कागद जोडा आणि त्यावर मागण्या आकड्यांत लिहा.

दरमहा किती रुपये, आणि ते कसे: औषधं इतकी, डायपर इतके, दिवसाची बाई इतकी, किराणा इतका, सोसायटीचा मेंटेनन्स इतका. अंतरिम रक्कम किती. 'रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी' हे वाक्य हमखास लिहा. कायद्यात मूळ नियम हुकुमाच्या तारखेपासूनचा आहे; अर्जाच्या तारखेपासून द्यायची असेल तर तसं हुकुमात नमूद व्हावं लागतं. मागितलं नाही तर ते कुणी आपणहून लिहीत नाही, आणि मधल्या आठ महिन्यांचे पैसे बुडतात. शेवटची मागणी व्याजाची, ५ ते १८ टक्क्यांपर्यंत लावता येतं.

दुसरी चूक अशी की दोन मुलगे आणि एक मुलगी असताना फक्त 'त्रास देणाऱ्या' मुलाविरुद्ध अर्ज केला जातो. तसं करता येतं, पण मग तो मुलगा बाकीच्यांना सामील करून घ्या म्हणून अर्ज देतो (त्याला तो हक्क आहे) आणि पुन्हा नोटिसांपासून सुरुवात. सगळ्यांची नावं आणि पत्ते पहिल्याच दिवशी द्या. परदेशातल्या मुलाचंही द्या. नोटीस मुद्दाम चुकवतो असं दिसलं तर न्यायाधिकरण एकतर्फी चालवू शकतं.

---

पारसिक (रात्री १०.२०)

हद्दीबद्दल कुणी बोललंच नाही, आणि नवी मुंबईत लोक सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. नवी मुंबई हे शहर एक, पोलीस आयुक्तालय एक, पण महसुली जिल्हे दोन. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, म्हणजे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, सीबीडी, हा सगळा ठाणे तालुका. त्याचा अर्ज ठाण्याच्या प्रांतांकडे, अपील ठाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे हा पनवेल तालुका, जिल्हा रायगड. त्याचा अर्ज पनवेलच्या प्रांतांकडे आणि अपील थेट अलिबागला. खारघरचे आजोबा पोलिसांसाठी नवी मुंबईचे, पण प्रांतांसाठी रायगडचे. डोंबिवलीवाले कल्याणला. मीरा-भाईंदरचं आयुक्तालय वेगळं, पण तालुका ठाणेच.

यातून एक वाटही निघते. कलम ६ प्रमाणे ज्येष्ठ माणूस जिथे राहतो, जिथे शेवटचा राहत होता किंवा मूल जिथे राहतं, यातल्या कुठेही अर्ज चालतो. म्हणजे आई मुलीकडे कामोठ्याला येऊन राहिली आणि मुलगा नेरूळच्या घरात आहे, तर ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे हक्क पोचतो. वाद घराबद्दल असेल तर घर ज्या जिल्ह्यात तिथेच करा. ताबा मिळवून द्यायला शेवटी तिथलाच तहसीलदार आणि तिथलाच पोलीस लागतो.

आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'ठेवून जा, साहेब बघतील' ही पोच नव्हे.

---

शेअर_सर्टिफिकेट (रात्री १०.४१)

चरितार्थाच्या रकमेवरची महिन्याला १०,००० ची मर्यादा उठली ना? २०१९ मध्ये विधेयक आलं होतं.

---

कोर्टनाका (रात्री १०.५८)

उठली नाही. ते विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. सून-जावई यांना व्याख्येत आणायची तरतूदही त्याच विधेयकात होती, तीही गेली. प्रांतांकडून आजही महिन्याला कमाल १०,००० रुपये.

म्हणून मुलाची कमाई चांगली असेल आणि आईचा औषधांचाच खर्च १८,००० असेल तर प्रांतांकडे जाऊच नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे (जुनं फौजदारी १२५), त्याला कमाल मर्यादा नाही. पूर्वी आईवडिलांना मुलाच्या गावी जाऊन अर्ज करावा लागे. १ जुलै २०२४ पासून कलम १४५ मध्ये आई किंवा वडील जिथे राहतात ते ठिकाणही आलंय. पुण्यातल्या मुलाविरुद्ध ठाण्यात अर्ज चालतो. वेळ जास्त लागतो, वकील लागतो, पण आकडा खरा मिळतो.

दोन्हीकडे एकदम मात्र अर्ज चालत नाही, २००७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे एकच निवडायचा. आणि कलम १४४ बायको, मुलं आणि आईवडील यांच्यापुरतंच. पुतण्याकडून खर्च मागणाऱ्या निपुत्रिक काकांना प्रांतांचंच दार.

---

शेअर_सर्टिफिकेट (रात्री ११.२५)

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, बक्षीसपत्र. ठाण्यात पुनर्विकासाची हवा लागली की घराघरांत 'बाबा, आताच नावावर करून टाका, नंतर कटकट नको' सुरू होतं. दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासात काम होतं. आणि बहुतेक बक्षीसपत्रांत एक ठराविक वाक्य असतं: 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय व अटीशिवाय'. हे वाक्य म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

कारण २००७ च्या कायद्याचं कलम २३. घर देताना 'घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत सुविधा आणि शारीरिक गरजा भागवाव्यात' अशी अट असेल आणि घेणाऱ्याने ते नाकारलं, तर तो व्यवहार कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दडपणाखाली झाला असं मानलं जातं आणि न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. अटच नसेल तर पेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं की अट होती हे दाखवावंच लागेल, नुसतं 'मुलगा बघत नाही' पुरेसं नाही. मग २ जानेवारी २०२५ चा निकाल आला, मध्य प्रदेशातल्या एका आईचा. तिथे बक्षीसपत्रासोबत त्याच सुमाराला मुलाने वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द धरलं आणि घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश केला. न्यायाधिकरणाला ताबा देवविण्याचा अधिकार आहे, हेही त्यातच स्पष्ट झालं.

तेव्हा नव्याने करणाऱ्यांनी मसुद्यात असं काहीतरी घालून घ्यावं: 'स्वीकारणार यांनी देणार यांचा अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व सेवा-शुश्रूषेचा खर्च देणार यांच्या हयातीत करावयाचा असून या अटीवरच हे बक्षीसपत्र केले आहे. देणार यांना सदर सदनिकेत हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवला आहे.' वकील 'याने मुलगा नाराज होईल' म्हणाला तर वकील बदला. नाराजी आत्ताच कळलेली बरी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. ते हयातीत केव्हाही बदलता येतं, फाडता येतं, आणि ते बदलता येतं एवढी जाणीव घरात असली तरी पुष्कळ काम होतं.

---

रबाळे_लोकल (रात्री ११.४०)

हक्कसोडपत्राचं काय? वडील गेल्यावर सोसायटीत ट्रान्स्फरसाठी आईची सही घेतात, 'नुसती फॉर्मॅलिटी' म्हणून. आईला कळतही नाही की तिचा हिस्सा गेला.

---

शेअर_सर्टिफिकेट (रात्री ११.५८)

कलमाचे शब्द 'बक्षीस म्हणून किंवा अन्यथा' असे आहेत, त्यामुळे हक्कसोडही त्यात बसू शकतं. अडचण तीच: अट कुठे आहे? कागदात नसेल तर त्याच काळातलं दुसरं काही शोधा. भावाबहिणींमधलं समजुतीचं पत्र, 'आईला मी सांभाळीन' असा मेसेज, दरमहा पैसे टाकल्याच्या आणि मग बंद झाल्याच्या पासबुकातल्या नोंदी. हमखास चालेल असं नाही, पण हाती काहीच नसण्यापेक्षा बरं.

१ मार्च २००९ पूर्वीच्या कागदांना कलम २३ लागत नाही. त्यांच्यासाठी दिवाणी दावा, आणि तिथे मुदतीचा प्रश्न येतो.

आईची सही अजून व्हायची असेल तर तिला दोन गोष्टी समजावून सांगा. भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवायला हक्कसोड लागतंच असं नाही, सगळ्या वारसांची नावं एकत्र लागू शकतात. आणि नॉमिनी हा मालक नसतो, विश्वस्त असतो. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या घरात सिडकोकडचं हस्तांतर हा आणखी एक टप्पा असतो. न्यायाधिकरणाने बक्षीसपत्र रद्द केलं तर त्या हुकुमाची प्रत दुय्यम निबंधक, सोसायटी आणि सिडको तिघांकडे देऊन पोच घ्यायची. एक जागा राहिली तर त्याच घरावर कर्ज उचललं जाऊ शकतं.

---

ऐरोली_सेक्टर_आठ (रविवार, सकाळी ७.५०)

घराबाहेर काढण्याबद्दल स्पष्ट सांगाल का? घर आजोबांच्या नावावर, मुलगा दारू पिऊन मारतो, सून आणि दोन नातवंडं त्याच घरात. अशी समजा परिस्थिती.

---

कोर्टनाका (सकाळी ८.३०)

हा सगळ्यात अवघड भाग. 'घराबाहेर काढा' असं सरळ कलम या केंद्रीय कायद्यात नाही. निवारा हा चरितार्थाचा भाग आणि कलम २३, यांच्या आधारे न्यायाधिकरणं असे आदेश देतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२० च्या निकालात तो अधिकार मान्य केला, पण ज्येष्ठाच्या संरक्षणासाठी ते गरजेचं असेल तेव्हाच. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे : सुनेला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून तो झटपट पुसून टाकता येत नाही. पुष्कळदा मुलगा स्वतःच वडिलांना पुढे करून बायकोला बाहेर काढायचा बेत आखतो. न्यायालयांनी हे इतक्या वेळा पाहिलंय की सासऱ्याचा अर्ज आला की आधी तोच संशय येतो.

तुमच्या उदाहरणात अर्ज मुलाविरुद्धच करा. त्याच्या मारहाणीच्या तारखा, एनसीचे (पोलिसांतल्या अदखलपात्र नोंदीचे) क्रमांक, दवाखान्याचे कागद जोडा आणि सुनेने त्रास दिलेला नसेल तर तिचं नाव ओढू नका. मुलाला बाहेर काढा आणि सून-नातवंडं राहतील, अशी मागणी असेल तर हुकूम टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सून खरंच मारत असेल तर सासूने वेगळा अर्ज कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली करावा. पूर्वी तो फक्त 'सज्ञान पुरुषा'विरुद्ध करता यायचा, ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. आता सासू सुनेविरुद्ध, आई मुलीविरुद्ध जाऊ शकते. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे: ठाणे, बेलापूर किंवा पनवेल न्यायालय, राहत्या जागेप्रमाणे. संरक्षण अधिकारी कागद तयार करून देतात, त्याचे पैसे लागत नाहीत.

---

पारसिक (सकाळी ९.०५)

पोलीस ठाण्यात काय होतं ते लिहितो. दोन थोबाडीत मारल्या तर भारतीय न्याय संहिता ११५(२), अदखलपात्र, एनसी. ठाणे अंमलदार एनसीची प्रत देऊन 'कोर्टात जा' म्हणतो आणि कायद्याने तो चूक नाही. पण लोक फिर्याद सांगताना मारहाणीवरच थांबतात. खोलीला बाहेरून कडी घालत असतील तर कलम १२७, ते दखलपात्र. एटीएम कार्ड ठेवून घेऊन पेन्शन काढत असतील तर विश्वासघात, ३१६. 'मारतात' एवढंच न सांगता दिवसभरात काय काय होतं ते सांगा.

२००७ च्या कायद्याचं कलम २४ लोक उगाच सुचवतात. ते टाकून देण्याबद्दल आहे: सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी नेऊन सोडणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इस्पितळात भरती करून खोटा नंबर देऊन पळणारे यात बसतात. घरातल्या घरातला छळ बसत नाही.

साठीपुढच्या पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि दिव्यांग व्यक्तीला साक्षीदार म्हणून जबाब द्यायला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). फक्त हा जबाब त्याच घरात मुलासमोर घेतला तर काय उपयोग? शेजारी घ्यायची विनंती लेखी करा. गुन्हा नोंदवत नसतील तर कलम १७३(४) प्रमाणे उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

---

उपवन (सकाळी १०.१५)

दिव्यांगांच्या बाजूने कुणी फारसं लिहिलं नाही, आणि हे हत्यार सगळ्यात धारदार असून गंजत पडलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, लागू १९ एप्रिल २०१७ पासून, २१ प्रकारचं दिव्यांगत्व. पक्षाघाताने अंग लुळं पडलेले, दृष्टी गेलेले, पार्किन्सनचे आजोबा यांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंच पाहिजे, कारण मग ज्येष्ठ आणि दिव्यांग असे दोन्ही कायदे हाताशी येतात.

कलम ७ : छळ, हिंसा किंवा शोषण होतंय अशी माहिती *कोणीही* कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. शेजारी, सोसायटीचा सेक्रेटरी, कामवाली बाई, कोणीही.  दंडाधिकारी सुटका, सुरक्षित जागी ताबा, निर्वाह खर्च असे आदेश देऊ शकतात. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांत. टेबलावर हे कलम पुष्कळदा माहीतच नसतं आणि 'पोलिसांकडे जा' सांगतात. अर्जाच्या डोक्यावरच 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ७(२) अन्वये माहिती' असं ठळक लिहा आणि कलमाची छापील प्रत मागे टाचा.

कलम ९२ : सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणं, अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूने मारणं, ताब्यात असलेल्या दिव्यांगाला अन्नपाणी न देणं, आणि आधाराच्या साधनांना हात लावणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. व्हीलचेअर गॅलरीत नेऊन ठेवणं, श्रवणयंत्राचे सेल काढून घेणं, वॉकर माळ्यावर टाकणं, यांना घरात 'रागाच्या भरात' म्हणतात. कायदा गुन्हा म्हणतो. पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने दखलपात्र, एनसीवर भागत नाही.

---

रबाळे_लोकल (सकाळी ११.००)

स्मृतिभ्रंश असेल तर? मुलाकडे आईचं कुलमुखत्यारपत्र आहे, तो त्यावर एफडी मोडतोय.

---

उपवन (सकाळी ११.४०)

देणाऱ्याची समज गेली की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं, करार कायद्याचं कलम २०१. लोकांना उलटंच वाटतं, की 'आईला आता कळत नाही म्हणूनच तर पत्र आहे'. निदानाच्या तारखेचं डॉक्टरचं पत्र बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. आई अजून शुद्धीत असताना पत्र रद्द करत असेल तर नोंदणीकृत रद्दपत्र, बँकेला प्रत, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

पालक नेमण्याचे रस्ते मात्र वेगवेगळे, आणि इथे गोंधळ होतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व यांना राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ लागतो, १८ वर्षांपुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. खारघरवाल्यांनो, तुमची समिती अलिबागची. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. आईवडिलांमागे भाऊ पालक झाला आणि पैसे खातोय अशी शंका असेल तर समितीकडून हाच हिशेब मागवा. दुर्लक्ष किंवा अफरातफर दिसली तर कलम १७ खाली नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्याचा अर्ज करू शकते.

निव्वळ स्मृतिभ्रंश किंवा कोमा यांना हा कायदा लागत नाही. तिथे जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं, तेव्हापासून त्या धर्तीवर अर्ज होतात. खर्चिक आहे, पण कुलमुखत्यारपत्रावर आंधळा भरवसा ठेवण्यापेक्षा सुरक्षित.

मानसिक आजार असलेल्याला घरात बांधून किंवा उपाशी ठेवलं जात असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०१ : कळल्यावर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात 'नेऊन टाकणं' हा उपाय नव्हे. दाखल करायचे नियम कडक आहेत, आणि नातेवाइकांना हवं म्हणून कुणाला ठेवून घेत नाहीत.

---

शेअर_सर्टिफिकेट (दुपारी १२.१५)

बँकेबद्दल एक भर. 'आईला सही जमत नाही म्हणून माझ्या नावावर खातं केलं' हे कारण टिकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी हवा. हाताचा जमत नसेल तर पायाचा. सत्तरीपुढच्यांना आणि दिव्यांगांना घरी येऊन सेवा देण्याच्या सूचना २०१७ पासून आहेत. मॅनेजर नाही म्हणाला तर लेखी नकार मागा, बहुतेकदा तिथेच काम होतं.

---

ऐरोली_सेक्टर_आठ (दुपारी १.०५)

पुराव्यांबद्दल कुणीतरी. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालतं का?

---

कोर्टनाका (दुपारी १.५०)

चालतं, पण साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दोन भाग असतात, एक फोन ज्याचा त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) त्यात येतं. म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सॅपवर पुढे पाठवलेली प्रत मूळ फाइलशी जुळत नाही. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

जखम असेल तर सरकारी रुग्णालयात जा: ठाण्यात जिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं पालिका रुग्णालय. 'घरात पडले' असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे खोडून काढणं फार कठीण. आजींना आत एकटीला जाऊ द्या, सोबत आलेल्या मुलाने उत्तर देऊ नये. दंडाच्या आतल्या बाजूचे वळ, मनगटाभोवतीचा पट्टा, माकडहाडावरचे जुने शय्याव्रण, तीन महिन्यांत उतरलेलं वजन, हे सगळं डॉक्टरला लिहायला सांगा. शय्याव्रणाचा फोटो बाजूला मोजपट्टी ठेवून, दर आठवड्याला एक. झोपेच्या गोळ्यांचा संशय असेल तर औषधांच्या दुकानाची बिलं आणि चिठ्ठीवरचा डोस यांचा मेळ घाला : महिन्याला ३० गोळ्यांची चिठ्ठी आणि ९० ची खरेदी असेल तर आणखी बोलावं लागत नाही.

---

मासुंदा (दुपारी २.३०)

केअरटेकर ब्युरोची बाई त्रास देत असेल तर? घरच्यांचं नव्हे, बाहेरच्यांचं.

---

पारसिक (दुपारी ३.१०)

मारहाण, चोरी यांची नेहमीची कलमं आहेतच. कमी माहीत असलेलं म्हणजे न्याय संहितेचं ३५७ : लहान वय, आजार, शारीरिक दुर्बलता किंवा वेड यामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा कायदेशीर करार करून ती जाणूनबुजून न करणं. शिक्षा छोटी, तीन महिने किंवा ५,००० रुपये, पण ब्युरोशी केलेला करार हाच पुरावा होतो. म्हणून करार तोंडी नको. त्यात कामांची वेळापत्रकासह यादी हवी : दर दोन तासांनी कूस बदलणं, औषधं कोण देणार, रात्री झोपणार की जागणार. आणि बाईची पोलीस पडताळणी केली असं ब्युरोवाला म्हणाला तरी कागद बघा.

एकटे राहणाऱ्यांसाठी : राज्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा भेट द्यायची आहे. यादीत नाव नसेल तर अर्ज देऊन घालून घ्या. फुकट आहे आणि केअरटेकरला ते दिसतं, त्याचा वेगळा उपयोग होतो. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, वकील हवा असेल तर विधी सेवा १५१००. स्त्रिया आणि दिव्यांग यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

---

रबाळे_लोकल (दुपारी ४.००)

प्रांतांसमोर वकील चालत नाही म्हणतात?

---

कोर्टनाका (दुपारी ४.२५)

२००७ च्या कायद्याचं कलम १७ तसं म्हणतं. काही उच्च न्यायालयांनी वकिलांच्या बाजूने निकाल दिलेत, त्यामुळे मुलगा वकील घेऊन आला तर दचकू नका. तुमचे मुद्दे दोन पानांत टाइप करून न्या आणि लेखी म्हणणं म्हणून दाखल करा. न्यायाधिकरण प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, त्याला एक महिना असतो. तिथे तडजोड झाली तर रक्कम, तारीख आणि खाते क्रमांक कागदावर आल्याशिवाय सही करू नका. 'मुलगा यापुढे नीट वागेल' ही तडजोड नव्हे.

अपिलाला ६० दिवस. कायद्याच्या शब्दांत अपिलाचा हक्क ज्येष्ठांचा आहे. मुलं बहुधा उच्च न्यायालयात रिट करतात, तेव्हा वकील लागतोच.

आणि हुकूम हातात आल्यावरचं. प्रत मोफत मिळते. मुलाने ३० दिवसांत रक्कम भरायची. भरली नाही तर वसुलीचं वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'बघू, दिवाळीला देईल' म्हणत चौथा महिना लागला की पहिल्या महिन्याची वसुली या मार्गाने गेली. दर महिन्याच्या १० तारखेला पासबुक भरून घ्या, आणि सलग दुसरा महिना कोरा दिसला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.